सुटलो म्हणजे कोण सुटलं?

"बाई, रडली का ती?"

पोलीस खात्यातल्या माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा माझं नावसुद्धा कुणी घेतलं नसेल. साहेबांनी विचारला, सरपंचांनी विचारला, पेपरवाल्यांनी विचारला, आणि दिवसभर उन्हातान्हात उभी राहून घरी आले की भाकरी थापता थापता माझ्या जावेनेही विचारला. मरण अपघाताचं की घातपाताचं हे डॉक्टरलाही अजून कळलेलं नसायचं. पण घरातली बाई रडली की नाही एवढं कळलं की गावाचा निकाल तयार.

मी महिला हवालदार म्हणून निवृत्त झाले. खुनाचा तपास म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर काहीबाही येतं, म्हणून आधीच सांगते. आमच्या जिल्ह्यात खून कमीच. जास्त करून कुणी विहिरीत पडलेलं असतं, कुणी माडावरून, कुणी खाडीत. अशा मरणाची पहिल्यांदा 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते, मग जागेचा पंचनामा, मग शवविच्छेदन, मग घरच्यांचे जबाब. यात पुरुष पोलीस दोरी, टेप, खुणा यांच्या मागे. माझं काम ठरलेलं. घरात जायचं, बायकांमध्ये बसायचं, पाणी द्यायचं, धीर द्यायचा. हे झालं सांगायचं काम. खरं काम साहेब कानात सांगायचे, "बाई, जरा लक्ष ठेवा. रडते का बघा."

आता मी काय बघणार? रडणं मोजायचं माप सरकारने मला कधी दिलं नाही.

मरणाची बातमी ऐकल्यावर माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, हे मी पुष्कळ घरांत ऐकलंय. एका बाईला तिचा भाऊ गेल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगो बाय माझ्या, दळाण गिरणीतच ऱ्हवलां." एका निवृत्त मास्तरांना त्यांची बायको गेल्याचं सांगितलं, तर त्यांनी मला विचारलं, तुम्ही चहा साखरेचा घेता की बिनसाखरेचा? आणि खरंच आत जाऊन आधण ठेवलं. एक कॉलेजातला मुलगा चक्क हसला, आणि मग आपण हसलो याचीच त्याला इतकी भीती वाटली की तो थरथरायला लागला. यातलं कुणीही कुणाला मारलेलं नव्हतं. पण त्या मुलाचं ते हसणं त्याच्या वाडीत अजून बोललं जातं.

उलटही झालंय. किनाऱ्यावरच्या एका गावात एक बाई जिन्यावरून पडून गेली. तिच्या नवऱ्याने असा काही टाहो फोडला की आमचा एक शिपाईसुद्धा डोळे पुसायला लागला. मीच त्या नवऱ्याला लिंबूपाणी दिलं. पुढे शवविच्छेदनात गळ्यावरच्या खुणा निघाल्या आणि तो आत गेला. झालं! आमच्या तेव्हाच्या साहेबांना नवा मंत्र सापडला. "जास्त रडतो ना, त्याला आधी उचला." त्याच पावसाळ्यात दुसऱ्या गावात एका बापाचा तरुण मुलगा ओढ्याला वाहून गेला. बाप गडाबडा लोळत होता. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारपूस सुरू केली. सगळी वाडी सांगत होती, साहेब, हा म्हस विकली तेव्हापण असाच लोळलेला. पण साहेब ऐकतील तर शपथ. शेवटी चार माणसांनी ओढ्यात वाहताना बघितल्याचं सांगितलं तेव्हा कुठे त्या बापाला मुलाच्या चितेकडे जाता आलं. कमी रडलं तरी पंचाईत, जास्त रडलं तरी पंचाईत. माणसाने किती रडावं हे एकदा राजपत्रात छापून तरी टाका, असं मी तेव्हा म्हटलं होतं. साहेबांना ते आवडलं नाही.

पण ज्या प्रकरणाने माझं डोकं कायमचं फिरवलं ते सुलोचनेचं.

धामापूरच्या पलीकडे, सड्याखालच्या एका वाडीत ती राहायची. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं माळरान, वर जांभ्या दगडाच्या चिरेखाणी. नवरा वसंत, सासू आणि ती, एवढंच घर. मूलबाळ नाही. वसंत आंबे उतरवण्यात पटाईत होता, पण काही वर्षांपूर्वी आंब्याच्या कलमावरून पाठीवर पडला आणि तेव्हापासून अंथरुणाला लागला. काठीच्या आधाराने अंगणापर्यंत यायचा, तेवढंच. वेदना अशा की ओरडणं शेजारच्या वाडीला ऐकू जायचं. सुलोचना कसालच्या बाजूच्या काजू कारखान्यात जायची. काजूच्या टरफलाच्या तेलाने तिचे हात कायम काळे.

एका दुपारी गुराख्याला वसंत सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत खाली पडलेला दिसला. डोकं फुटलेलं, जीव गेलेला. आम्ही पोचलो तेव्हा सगळी वाडी खाणीच्या कडेला जमलेली. वसंताचा चुलतभाऊ दिगंबर जमिनीवर डोकं आपटून रडत होता. "दादा रे, माका सोडून खंय गेलंस रे!" त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं.

साहेब नवे, घाटावरचे. कामाला वाघ, हे मान्य करते. त्यांनी खाण बघितली, खालचं घर बघितलं आणि लगेच म्हणाले, "ज्याला अंगणापलीकडे जाता येत नाही, तो एवढा चढ चढून इथे आला कसा? कुणीतरी आणलंय." बरोबरच होतं ते. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

मग आम्ही घरी गेलो. सासू मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेली, तिला बातमी पोचली होती. सुलोचना नेमकी तेव्हाच कामावरून परत येत होती. अंगणात एवढी माणसं बघून ती थांबली. साहेबांनी टोपी काढली आणि नीट, हळू आवाजात तिला सांगितलं. तिने पडवीचा खांब धरला. मग म्हणाली, "सुटलो."

एवढंच. आणि आत जाऊन वसंताच्या अंथरुणाची वळकटी करायला लागली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "ऐकलंत ना बाई? सुटलो म्हणाली. आम्ही सुटलो! नवरा मेल्याचं कळल्यावर!"

मी म्हटलं, "साहेब, ती नवऱ्याबद्दल बोलली. तो सुटला, असं. आमच्याकडे तो गेलो, तो इलो, तो सुटलो. पुरुषाबद्दल असंच बोलतात. स्वतःबद्दल बोलली असती तर 'सुटलंय' म्हणाली असती."

"आमच्याकडे 'सुटलो' म्हणजे बोलणारेच सुटले."

"होय साहेब. पण ती तुमच्याकडची नाही."

साहेब थोडं हसले. "बाई, तुम्ही इथल्याच. तुम्ही सांभाळून घेणारच."

आता व्याकरणाने कुणी कुणाला सांभाळून घेतं का? पण तपासाच्या कागदावर वाक्य आलं ते असं, 'पतीच्या निधनाची वार्ता समजताच सदर महिलेने आम्ही सुटलो असे उद्गार काढले व अश्रू न ढाळता ती घरकामास लागली.' त्यात भर म्हणजे त्या दिवशी ती कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीला बाहेर पडली होती आणि बऱ्याच उशिराने परत आली होती. ती सांगत होती, कसालला वसंताचं दुखण्यावरचं औषध आणायला गेले होते, दुकानात गर्दी होती. साहेबांना ते पटेना. नवऱ्याच्या आजारपणाला कंटाळलेली बाई, मधला हरवलेला वेळ, तोंडून 'सुटलो', डोळे कोरडे. आणखी काय पाहिजे?

एक गोष्ट मात्र सांगते. साहेबांची चूक ती चूकच, पण ती प्रामाणिक होती. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ तसाच होतो. माझा खरा संताप झाला तो आमच्याच माणसांवर.

पहिल्या दिवशी वाडीतला कुणीही, विचारलं तर, सांगत होता, "सुटलो म्हटल्यान. बरोबरच आसा, किती हाल काढल्यान बिचाऱ्यान." मग साहेब तिच्याबद्दल काय बोलले ते कुठल्या तरी शिपायाच्या तोंडून चहाच्या टपरीवर पोचलं. दुसऱ्या दिवशी लोक म्हणायला लागले, "आम्ही सुटलो म्हणाली, असां सायब म्हणतत." आणि आठवडा उलटायच्या आत त्याचं परत मालवणी झालं. "सुटलंय म्हटल्यान! मी माझ्या कानांनी ऐकलंय." म्हणजे मूळ शब्द मालवणी, तो घाटावरून फिरून आला, आणि येताना बाई खुनी होऊन आली. आपल्या आईच्या दुधाबरोबर जी बोली प्यायलो, तिच्यातला 'सुटलो' आणि 'सुटलंय' यांतला फरक या लोकांना कळत नव्हता असं मला कुणी सांगू नये.

शेजारची एक बाई तर शपथेवर सांगायला तयार होती. त्या वेळी अंगणात ती नव्हतीच, मी तिथे होते. मी तिला विचारलं, "तू तेव्हा खंय होतंस गो?"

"घरात होतंय."

"मगे तुका ऐकाक कसां इलां?"

"वारो हयसरच येता."

मी कपाळाला हात लावला.

सुलोचनेला रोज ठाण्यात बोलावणं सुरू झालं. घरात सुतक, आणि ती एसटीने ठाण्यात येऊन बाकड्यावर बसायची. मग वाडीत नवी बोंब, बघा, सुतकात गावभर फिरते! अरे, पोलिसांनी बोलावलं तर ती काय वाऱ्यावर जबाब पाठवणार? मी दोन-तीन वेळा साहेबांना म्हटलं, तिच्या घरी जाऊन विचारू. ते म्हणाले, ठाण्यात माणूस लवकर बोलतं.

ती बोलायची, पण जे विचारलं तेवढंच. एकदा साहेबांचा धीर सुटला. "नवरा गेला तुमचा! डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही?"

सुलोचना त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सायबानू, तो कलमावरसून पडलो तेव्हा रडलंय. वरीसभर रडलंय. तेव्हा बघूक कोण इल्लो नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पण अटकेचा विचार सोडला नाही. वरून विचारणा होत होती, पेपरात बातम्या येत होत्या, आणि संशयित म्हणून एकच नाव होतं. कधीही अटक होईल हे मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. तिने मला एकच विचारलं, "बाय, माका आत घातल्यानी तर आयेक कोण बघतला?"

आये म्हणजे तिची सासू. पोटचा मुलगा गेलेली म्हातारी. खरं तर कुणी सुनेवर बोट ठेवायचं तर तिने. पण सगळ्या वाडीत तीच एकटी सुनेच्या बाजूने उभी होती. तिला ऐकू कमी यायचं, पण बोलायची ठणठणीत. मी जबाब घ्यायला गेले तेव्हा म्हणाली, "सून माझी गप आसा, पयल्यापासूनच गप आसा. लग्नात पाठवणीक रडूक नाय म्हणान तिचां माहेर पण नावां ठेवीत होतां. गप आसली म्हणान कोण खुनी होता काय?"

गावच्या मानकऱ्यांनी देवळात कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात, उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. म्हातारीला बोलवायला दोघे आले. तिने पडवीतूनच सांगितलं, "देव थंय गाभाऱ्यात बसलो आसा. ह्या घरात मी बसलंय. माका इचारा मगे." ते आल्या पावली परत गेले. कौलाची गोष्ट साहेबांच्या कानावर गेली तेव्हा ते खूप हसले, काय अडाणी लोक, म्हणाले. मी मनात म्हटलं, साहेब, ते पाकळी कुठे पडते ते बघतात, तुम्ही डोळ्यातलं पाणी पडतं का ते बघता. फार फरक नाही.

आणि शेवटी जे झालं ते साहेबांच्याच मेहनतीने झालं, हेही लिहिलं पाहिजे. सुलोचना खोटं बोलते हे सिद्ध करायला त्यांनी कसालच्या औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. आम्ही सगळे बघायला बसलो. सुलोचना दिसली. खरंच रांगेत उभी होती, काळ्या हातात चिठ्ठी धरून. आणि दुकानाच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या टपरीपाशी, मोटारसायकलला टेकून गप्पा मारत कोण उभा? दिगंबर. ज्याने आम्हाला सांगितलं होतं की त्या दिवशी बातमी कळेपर्यंत आपण मालवणात होतो.

त्याला कुणी दुसऱ्यांदा काही विचारलंच नव्हतं. कारण तो रडत होता.

बोलावल्यावर त्याने फार वेळ घेतला नाही. वसंत कितीतरी दिवस त्याच्या मागे लागला होता, एकदा तरी माझ्या कलमांचा मोहर दाखव. आये झोपलेली बघून दिगंबराने त्याला मोटारसायकलवर पुढे बसवून सड्यावर नेलं, खाणीलगतच्या त्याच्या कलमाखाली सावलीत टेकवून बसवलं आणि तंबाखू आणायला कसालला गेला. तिथे ओळखीचा कुणीतरी भेटला, वेळ गेला. परत आला तर वसंत जागेवर नाही. काठीने उठून बागेत फिरायला गेला असणार, खाणीच्या कडेचा दगड सुटा होता, तो खाली गेला. दिगंबराने वरून बघितलं आणि पळून आला. दोघांच्या जमिनीचा वाद चाललेला होता. लोक म्हणतील यानेच ढकलला, ही भीती. नंतर खाणीच्या कडेला तो रडला ते खोटं नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. पण आपल्या भावजयीला रोज ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली बघूनही तो रडतच राहिला, बोलला नाही.

खाणीच्या कडेच्या खुणा आणि शवविच्छेदन दोन्ही त्याच्या सांगण्याशी जुळलं. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला. साहेब मला म्हणाले, "बाई, तिला कळवा, आता यायची गरज नाही." मी म्हटलं, "साहेब, बातमी द्यायला तुम्ही गेला होतात, ही पण तुम्हीच द्या." ते आले. अंगणात उभं राहून म्हणाले, "तपास पूर्ण झाला आहे." सुलोचना म्हणाली, "बरां." आणखी काय म्हणणार होती ती?

तुम्हाला वाटेल, झालं, सत्य बाहेर आलं. कसलं आलंय! दिगंबराला वाडीने महिन्याभरात माफ केलं. "बिचारो, घाबरलो. किती रडलो भावासाठी." आणि सुलोचना? "तशी निर्दोष सुटली खरी, पण बाई दगड. सुटलंय म्हटल्यान तेव्हा." हळदीकुंकवाला तिला बोलावणं बंद झालंच होतं, ते विधवा म्हणून. पण कारखान्याच्या टेम्पोतही तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. तिच्या हातचं पाणी काही जणी घेईनात. निर्दोष असल्याचा कागद टेम्पोत दाखवता येत नाही.

मी अधूनमधून तिच्याकडे जायचे. आयेसाठी गुळाचं खाजं न्यायचे. दोघी एकमेकींना धरून होत्या. म्हातारीला दिसेनासं झालं तेव्हा सुलोचना कामावर निघताना तिचा हात खांबाला लावून सांगायची, हे अंगण, हा रांजण, मी येतंय. बोलणं दोघींचं जेमतेम. पण मी इतकी घरं बघितली, त्या घराइतकं शांत घर बघितलं नाही.

या वर्षी शिमग्यानंतर म्हातारी गेली. मी निवृत्त झालेली, तरी कळल्याबरोबर गेले. पाणंदीतूनच मला रडणं ऐकू आलं. असा टाहो की माझे पाय थबकले. अंगणात गेले तर सुलोचना. केस सुटलेले, छाती बडवते आहे, "आये गो, माका सोडून खंय गेलंस गो!" दोघी-तिघी तिला धरत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर दुःखापेक्षा समाधान जास्त दिसत होतं. जिला वाऱ्याने ऐकू आलं होतं, तीच मला म्हणाली, "बघा बाय, सासूसाठी कशी रडता ती! काळजात माया आसा मगे."

मी सुलोचनेजवळ बसले, तिला कुशीत घेतलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि आवाज जराही न मोडता, मधल्या एका श्वासात, माझ्या कानाशी विचारलं, "बाय, इतक्यान पुरे होतलां? की आणखी रडू?"

मी फक्त तिला घट्ट धरलं आणि ती पुन्हा रडायला लागली.

म्हातारीला नेलं. बायका पांगल्या. जाताना प्रत्येकीने सुलोचनेच्या पाठीवरून हात फिरवला, सगळ्या तिच्या हातचं पाणी प्यायल्या. मग घरात आम्ही दोघीच राहिलो. तिने तोंड धुतलं, केस बांधले, आयेच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन बसली. डोळे कोरडे होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सुलू, कित्याक गो ह्यां?"

तिने त्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ही सासू न्हय, माझी खरी आवस होती, बाय. हिच्यासाठी माका गप ऱ्हवाचां होतां."